मामा, नळी आमच्याकडे होती

"नळी इकडं फिरव रे. फोटोवर कुणी नळी रोखतंय का? मयताचा काय मान हाय का नाय?"

शेठ एवढंच म्हणाले. लगेच एक जण पुढे झाला, टेबलावरची तुझी बंदूक उचलली आणि उलटी ठेवली. दस्ता तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे, नळी आमच्याकडे. मी तिसऱ्या रांगेत होते. पहिल्या रांगेत मामी, तिच्या शेजारी आई, आणि पलीकडे तुझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्या सात मुली. त्या शाळेच्या गणवेशात आल्या होत्या, कारण शोकसभेला काय घालून जातात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मामा, तुला जाऊन पंधरा दिवस झाले. आज सकाळी तुझी शोकसभा झाली. ती तुझ्या नेमबाजीच्या रेंजवरच ठेवली होती, म्हणजे शेणव्याच्या पुढे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला शेठची ती लांबलचक पत्र्याची शेड, जिच्यात आधी कोंबड्या होत्या आणि नंतर तू. दमट हवेत तिथे अजून पोल्ट्रीचा वास येतो. नवीन मुलीने नाकाला रुमाल लावला की तू म्हणायचास, "वास येतोय ना, म्हंजे नाक शाबूत हाय. चला, आता डोळा बघू."

मी वाशिंदला घरी येऊन लगेच हे लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला सोपं गेलं असतं, पण मग तू विचारलं असतंस, "मॅडम, हे मी कुणाकडून वाचून घेऊ?" माझी इंग्लिश मीडियमची शाळा हा तुझा आवडता विनोद होता आणि मला तो कधीच आवडला नाही. हेही तुला सांगायचं राहिलं.

दारात बॅनर होता. त्यावर तुझा फोटो, आणि त्याच्या दुप्पट मोठा हात जोडलेल्या शेठचा. त्या फोटोत शेठ इतके दुःखी दिसत होते की एखाद्या अनोळखी माणसाला वाटावं तेच गेले. खाली तुझी नोकरी, बढत्या, पदकं. निम्मं चूक. पहिल्या वक्त्याने तुला राष्ट्रीय दर्जाचा नेमबाज करून टाकलं. तू पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका पुसण्यात आणि मोजण्यात आयुष्य काढलंस आणि ते हसत सांगायचास. पण पुसणाऱ्या माणसाबद्दल भाषण करता येत नाही, म्हणून त्यांनी तुला चालवणारा केला. दोन मिनिटांच्या मौनात एकाचा फोन वाजला. त्याने तो घेतला आणि तळहाताआड हळूच सांगितलं, "मौनात हाय, नंतर करतो."

हे सगळं मी निमूट बघत होते. बघत बसणं मला जमतं. पण मी आणखी एक गोष्ट बघितली होती, जी आमच्यापैकी दुसऱ्या कुणी बघितली नव्हती.

लोक यायच्या आधी शेठ तुझी बंदूक हातात घेऊन उभे होते. तीच जुनी एअर रायफल, बिजागरीवर नळी वाकवून, म्हणजे 'मोडून', छर्रा भरायची, जिच्यावर तू आम्हा सगळ्यांना पहिला महिना शिकवायचास. बंदूक रिकामी असल्याची खूण म्हणून तू नळीत ठेवायचास ती केशरी दोरी त्यांनी ओढून काढली आणि खुर्चीखाली टाकली. मग नळी मोडली, खिशातून छर्रा काढला, बसवला, नळी सरळ केली. शेजारच्याला म्हणाले, "शेवटी वस्तादाला एक सलामी देतो. आधीच भरून ठेवली, ऐन टायमाला खटपट नको." आणि भरलेली, ताणलेली बंदूक टेबलावर ठेवून त्यावर झेंडूचा हार घातला. हाराची शेवटची गाठ चापाच्या कडीत लोंबत होती.

नंतर ती फिरवली गेली, तुझ्या मानासाठी. आणि एकेक माणूस फुलं वाहायला पुढे येऊ लागला.

ही चूक तुझ्या ओळखीची आहे. पहिल्या दसऱ्याला हीच झाली होती. आजूबाजूच्या घरांतून लोक कोयते, विळे, ट्रॅक्टरच्या चाव्या घेऊन पूजेला आले होते आणि तुझ्या चारही बंदुका पाटावर मांडल्या होत्या. देवीकडे नळी करायची नाही, म्हणून सगळ्या नळ्या माणसांकडे. तू आत आलास, बघितलंस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. बंदुका रिकाम्या होत्या, दोऱ्या आत होत्या, तरी. पण तू ओरडला नाहीस. देवीचा फोटो उचललास आणि गोळी मारायच्या रेषेच्या मागे, दाराकडच्या भिंतीला लावलास. पाट तसाच फिरवलास. दस्ते देवीकडे, नळ्या पलीकडच्या वाळूच्या पोत्यांकडे. आणि म्हणालास, "आता सगळ्यांनी देवीच्या बाजूला उभं ऱ्हा. समोर नाय. आज तिला सोबत करा." एक म्हातारा कुरकुरला की देवीच्या समोर उभं राहिल्याशिवाय दर्शन कसं होणार. तू म्हणालास, "बाबा, मान वळवा. तिलाबी चालंल."

तेव्हापासून दसऱ्याला तिथे तसंच होतं. मला तेव्हा कळलं की तू हुशार होतास. मान आणि जीव या दोन्हींत भांडण लागलं तर तू देव हलवायचास, माणूस नाही.

आणि तू छळायचास, हेही लिहू दे. आज सगळे तुला प्रेमळ म्हणत होते. नववीच्या सुट्टीत मी रिकामी बंदूक हातात धरून तुला काहीतरी विचारायला मागे वळले होते. दोरी आत होती, चापावर बोट नव्हतं. तू माझ्या हातातून बंदूक काढून घेतलीस, खाली ठेवलीस आणि म्हणालास, "दहा दिवस घरी बस." सगळ्यांसमोर. मी म्हणाले, रिकामी आहे मामा. तू म्हणालास, "रिकामी बंदूक आजवर कुणी बघितलेली नाय. रिकामी वाटणारी बघितलेय." मी त्या दहा दिवसांत तुझा मनापासून तिरस्कार केला. अकराव्या दिवशी आले, तेव्हा तू काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणालास, "छर्ऱ्यानं माणूस मरत नाय गो बाय. डोळा जातो. आन् गेलेला डोळा परत कुणी आणून देत नाय."

तुझे नियम सगळे असेच होते, जरा जास्तच. शेजारचा नेम धरतोय तर बोलायचं नाही, खोकलासुद्धा दाबायचा. दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. न विचारता कुणाला शिकवायला जायचं नाही. शेवटच्या मुलीची बंदूक खाली ठेवून होईपर्यंत कुणी रेषेपुढे पाऊल टाकायचं नाही, मग तिला कितीही वेळ लागो. छर्रे शिशाचे, ते हाताळले की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. आणि सकाळी साधारण नऊच्या सुमाराला पाड्यावरच्या बायका मोळ्या घेऊन शेडच्या मागच्या वाटेने जायच्या, तेव्हा सगळं बंद. बंदुका खाली, सगळ्यांनी मागे व्हायचं. त्या पार दिसेनाशा होईपर्यंत.

मी एकदा हुशारी केली. म्हटलं, मामा, विटांची भिंत, पुढे लोखंडी पत्रा, पुढे वाळू. तिथून छर्रा बाहेर जाऊच शकत नाही. मग थांबायचं कशाला?

तू म्हणालास, "आपल्याला ठाऊक हाय भिंत किती जाड हाय ती. बारकूबाईला ठाऊक नाय. तिला फक्त आवाज ठाऊक. डोईवर मोळी आन् पाठीमागं ठाक् ठाक्. तिनं कशापायी दचकायचं?"

शाळेत आम्हाला मॅनर्स नावाचा एक तास असायचा. टेबलावर काटे-चमचे कसे ठेवायचे ते तिथे शिकवत. माझ्या लेखी तो तास तू त्या वाक्यात घेतलास. बारकूबाई आज आली होती. तिला खुर्ची कुणी दिली नाही. ती दाराशी उकिडवी बसली होती.

आता तो रविवार.

तीन महिने झाले त्याला. तू पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाहीस आणि मीही नाही. मुली रेषेवर होत्या, मी पाचव्या टेबलावर. शेठ दोन पाहुणे घेऊन आले, फार्महाऊसवरचे. आम्ही नेम धरून असताना मोठ्याने बोलत आत आले, चपला वाजवत. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीला "सरक गो जरा" म्हणाले आणि तिची बंदूक उचलली. ती बिचारी "भरलीय" म्हणाली, पण इतक्या हळू की ते मीच ऐकलं. पाहुणा मोबाइल रोखून माझ्या मागून म्हणाला, "शेठ, इकडे बघा." शेठ वळले. बंदुकीसकट वळले. बोट चापावर. नळी दोन मुलींच्या चेहऱ्यांवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली, कारण पाहुण्याच्या मोबाइलची दिशा तीच होती.

त्या नळीचं तोंड किती लहान असतं ते तुला माहीत आहे. वाटाण्याहून बारीक. मला त्या वेळी दुसरं काही दिसत नव्हतं.

शेठ हसले. "घाबरली बघा तुमची भाची. अगो, छर्राच हाय तो."

मी तुझ्याकडे बघितलं. रिकाम्या बंदुकीसाठी मला दहा दिवस घरी बसवणारा माणूस तिथे चार पावलांवर उभा होता. आणि तू म्हणालास, "शेठ, जरा पोत्यांकडं तोंड करता का? उजेड तिकडून हाय, फोटो बरा येतो."

फोटो बरा येतो. मामा, मी त्या वाक्यावर तीन महिने विचार केला. कधी वाटतं, तू तेच केलंस जे दसऱ्याला केलंस. ओरडला नाहीस, शहाणपणाने नळी फिरवून घेतलीस, आणि ती फिरलीही. पण दसऱ्याला तू कुणा माणसाला घाबरलेला नव्हतास. त्या दिवशी तुझा आवाज मी कधी न ऐकलेला होता, गिऱ्हाइकाला चादरी दाखवणाऱ्या दुकानदाराचा. मला त्या क्षणी शेठपेक्षा तुझी जास्त किळस आली. लिहिते आहे ते खरं लिहिते.

तू मला स्कूटरवरून शहापूरपर्यंत सोडायला आलास. मी मागे बसून बोलत होते. समोर बसून मला ते जमलं नसतं.

"त्यांना का नाही दहा दिवस घरी बसवलंस?"

"शेड त्यांची हाय गो."

"आणि नियम कोणाचे आहेत?"

तू एक खड्डा चुकवलास. मग म्हणालास, "आज त्यांना बोललो, तर उद्या इथं परत कोंबड्या. या सात पोरी कुठं जातील? मुरबाडला हाय का दुसरी रेंज?"

"म्हणजे शेठने कुणाचा डोळा फोडला तरी चालेल."

"आन् तू गं?" तू स्कूटर थांबवलीस पण मागे वळला नाहीस. "तुझ्यावर होती ना नळी? तुला तोंड नव्हतं? येवढी इंग्लिश शिकलीस, त्यात एक शब्द नव्हता?"

मी उतरले आणि स्टँडपर्यंत चालत गेले. त्यानंतर रेंजवर आले नाही. तू दर शनिवारी मेसेज टाकायचास, "उद्या साडेआठला रेषा." बस एवढंच. मी वाचायचे. तुला दिसायचं मी वाचलंय ते. दहा शनिवार. अकराव्याला मेसेज आला नाही आणि मला बरं वाटलं, की चला, सुटलो दोघेही. दुपारी आईचा फोन आला.

तुझा प्रश्न बरोबर होता, हे मला स्कूटरवरच कळलं होतं. म्हणून तर उतरले. मी तुझी किळस करत होते तेव्हा स्वतः काय केलं होतं? गप्प उभी होते. माझ्या शेजारच्या दोन मुलींच्या तोंडावरून नळी गेली आणि मी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आणि मी गप्प. तुला निदान शेड जायची भीती होती. मला कशाची होती? लोक वळून बघतील याची.

तर आज. भाषणं चालू होती. तिसरे वक्ते "शिस्त" हा शब्द पुन्हा पुन्हा वापरत होते आणि ते सांगताना ज्या टेबलावर टेकले होते त्यावर भरलेली बंदूक होती. कागदी कपांतला चहा आमच्या टेबलांवर सांडला होता. लोक पिवळ्या रेषेवरून ये-जा करत होते. फुलं वाहणारा प्रत्येक जण हार थोडा सारखा करत होता, कारण फुलं घसरत होती. दर वेळी गाठ चापावर घासत होती. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक हात मला वेगळा दिसत होता. आणि नळीच्या रेषेत मामी होती. तिच्या कपाळाच्या थोडं खाली.

मला वाटलं, आई बोलेल. आईला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, मुली ओळखतील. मग दिसलं की त्यांनी ओळखलं होतं. तिसऱ्या टेबलावरची ती मुलगी नळीकडे बघत होती, दोरी नव्हती त्या जागेकडे. मग तिने मान वळवून मागे बघितलं, माझ्याकडे. ती मोठ्या माणसाची वाट बघत होती. तिथे मोठं माणूस म्हणून तिला मी दिसत होते.

त्यातच शेठ उठले, माइक घेतला. "वस्तादांचं काम आपण थांबवायचं नाय. उलट वाढवायचं. शनिवार-रविवार आपले पाहुणे येतात, त्यांनाबी नेमबाजी करू दे. सोमवारपासून शाळेच्या पोरीबी येतील. कोण बघणार, असं मला इचारलं. मी म्हटलं, मी हाय ना. मी स्वतः उभा ऱ्हातो." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही ज्यांना कळत नाही, ते मुलींच्या हातात बंदूक देणार होते. "आन् आता, वस्तादांना सलामी," म्हणून शेठ टेबलाकडे निघाले.

मी उठले. मला काही शूर वगैरे वाटलं नाही. रांगेतून बाहेर पडताना दोघांच्या पायांवर पाय दिला आणि सवयीने सॉरी म्हणाले. टेबलापाशी शेठच्या आधी पोचले. हार बोटांनी धरून सोडवला, गाठ चापापासून दूर ठेवत, आणि बाजूला ठेवला. नळी छताकडे उचलली, मग पोत्यांकडे वळवली. रेषेपुढे कुणी नव्हतं. बारकूबाई दाराशी होती, तिच्याकडे बघून मी म्हणाले, "मावशी, आवाज होईल." तिने पदर कानावर ओढला.

मग मी चाप ओढला.

ठाक्. समोरच्या पोत्यांत. एवढासा आवाज, पण माइक चालू होता. मामीने तोंडावर हात धरला. ज्यांनी ज्यांनी फुलं वाहिली होती ते सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. आईने "अगं" असं काहीतरी म्हटलं. मी नळी मोडली, रिकामी आहे ते बघितलं आणि तशीच उघडी टेबलावर ठेवली, नळी पोत्यांकडे, दस्ता आमच्याकडे. तुझा फोटो पोत्यांच्या बाजूला होता, तो उचलला आणि मामीच्या मांडीवर दिला.

शेठ हसले. अगदी त्या रविवारी हसले होते तसंच. "अगो, ती तर सलामीची होती. तूच दिलीस, बरं झालं."

मागे कुणीतरी हसलंही. त्या हसण्यावर सगळं विरघळणार होतं. शेठ पुढे बोलणार, चहाची दुसरी फेरी येणार आणि सोमवारी सात मुली त्यांच्या हाताखाली. मला ते होताना दिसत होतं. तू असतास तर उजेड कुठून येतो ते सांगितलं असतंस. मला तुझी युक्ती येत नाही मामा, आणि आज पहिल्यांदा वाटलं की येत नाही तेच ठीक आहे. शेडमध्ये पुन्हा कोंबड्या आल्या, तर तो दोष माझा. तू तो मुलींसाठी टाळत राहिलास, ते मी आता समजू शकते. माफ करू शकते की नाही, ते अजून माहीत नाही.

माइक शेठच्या हातात होता. मी तो मागितला नाही. माझा आवाज फाटत होता, पण शेड लांब आणि पत्र्याची, सगळ्यांना ऐकू गेलं. मी म्हणाले,

"शेठ, तीन महिन्यांपूर्वी तुम्ही इथे भरलेली बंदूक माझ्यावर रोखली होती. आज अर्धा तास ती मामीवर होती. मामा तुम्हाला बोलला नाही, कारण शेड तुमची आहे. शेड तुमचीच राहू द्या. पण या शेडमध्ये यापुढे तुम्ही बंदुकीला हात लावायचा नाही."